ख्रिस्ती कादंबरी आणि श्रद्धेवरची पुस्तकं: पारख कशी करायची?

पाटीपेन्सिल

वाचनकट्ट्याच्या पुढच्या चार बैठकांना विषय ठरलाय, ख्रिस्ती कथा-कादंबऱ्या आणि श्रद्धेवरची पुस्तकं. कट्ट्यावर नेमाने चर्चला जाणारे आहेत, देवच न मानणारे आहेत आणि बायबल कधी उघडलंच नाही असे तर बरेच. अशा पुस्तकावर चर्चा दोन वाक्यांत आटपते. एक म्हणतो "फार सुंदर संदेश आहे", दुसरा म्हणतो "प्रचारकी आहे". मग चहा.

जाणकारांना विचारायचंय:
- पुस्तक चांगलं की वाईट हे नेमकं कुठे बघून ठरवायचं?
- बायबल माहीत नसलेल्याने संदर्भ कसे तपासायचे?
- इंग्रजीतून मराठीत आलेल्या पुस्तकांत काय बघायचं?
- मुळात मराठीत लिहिलेलं काय घेता येईल?

"मनाला भिडलं पाहिजे" छापाचे सल्ले नकोत. कामाचं सांगा.

उभाछेद

"प्रचारकी" हा शब्द पहिल्या बैठकीत वापरायला बंदी घाला. हेतू धरून लिहिणं हा दोष असेल तर हरिभाऊ आपट्यांनाही कपाटाबाहेर काढावं लागेल. हेतूपायी पात्रांचा गळा आवळला गेलाय का, तेवढं बघायचं. ते तीन ठिकाणी हमखास दिसतं.

पहिलं ठिकाण वळणाच्या प्रकरणाचं. नायक-नायिका श्रद्धेकडे वळतात ते प्रकरण आणि त्याआधीची दोन, अशी तीन प्रकरणं सलग वाचा. मग एका ओळीत लिहा की वळल्यामुळे या माणसाचं काय गेलं. घर, नातं, धंदा, अहंकार, काहीही चालेल. ओळ लिहिता आली नाही तर ते वळण फुकटात मिळालंय. दुसरी खूण म्हणजे वळणाच्या तोंडावर अचानक उगवणारा अपघात, आजार किंवा वादळ. अपघात असायला हरकत नाही, पण तो काढून टाकला तर माणूस वळला असता का? नसता, तर वळवलं लेखकाने.

दुसरं ठिकाण विरोधकाचं तोंड. पुस्तकात एखादा नास्तिक, परधर्मीय किंवा श्रद्धा सोडलेला माणूस असतोच. त्याची वाक्यं तेवढी सलग मोठ्याने वाचा. कॉलेजातलं पोर चहाच्या टपरीवर याहून बरा युक्तिवाद करत असेल, तर लेखक प्रतिपक्षाला घाबरलाय. हा माणूस दारुडा, गर्विष्ठ किंवा बापाने छळलेला निघाला की दोन गुण आणखी कापा, कारण मग त्याच्या शंकेला उत्तर द्यावंच लागत नाही.

तिसरं ठिकाण प्रार्थनेचं. प्रत्येक प्रार्थनेपुढे पेन्सिलीने खूण करा आणि तिचं उत्तर किती पानांनी आलं ते समासात लिहा. दर वेळी पाच-दहा पानांत मागितलं ते मिळत असेल, तर ते पुस्तक ज्या शास्त्राचं नाव घेतं त्याच्याशीच जुळत नाही. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, निरपराध माणसाच्या दुःखाचं, ४२ अध्यायांचं आहे. शेवटी देव बोलतो, पण "हे माझ्या वाट्याला का" याचं उत्तर ईयोबाला मिळत नाही. प्रेषित पौल आपल्या देहातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवतो, काटा राहतो (२ करिंथ १२, म्हणजे करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय १२). गेथशेमाने बागेत तर खुद्द येशू "हा प्याला टळो" म्हणतो, आणि प्याला टळत नाही.

३०० पानांच्या पुस्तकात पहिली ३० पानं, वळणाची तीन प्रकरणं आणि शेवटची २० पानं एवढ्यावर साधारण मत बनतं. मग उरलेलं वाचायचं की नाही ते ठरवा.

चष्मा

तिसऱ्या मुद्द्याला +१. पहिल्यात एक भर. वळण पुस्तकाच्या अगदी शेवटी येतं का, तेही बघा. जॉन बन्यनने १६७८ साली छापलेल्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या रूपकात यात्रेकरूच्या पाठीवरचं ओझं क्रुसापाशी गळून पडतं ते सुरुवातीच्या टप्प्यातच. पुढे वाट उरतेच. नंतर तो निराशेच्या राक्षसाच्या गढीत कोंडला जातो, आत्महत्येचा विचार करण्यापर्यंत येतो आणि मग त्याला आठवतं की 'वचन' नावाची किल्ली पहिल्यापासून आपल्या छातीशीच होती. म्हणजे तारण झालेला माणूसही खचतो, हे लेखकाला मान्य आहे. आजच्या अनेक कादंबऱ्या ओझं पडतं तिथे टाळ्या वाजवून संपतात.

पण त्या रूपकाला उभाछेद यांची दुसरी कसोटी लावू नका. तिथे पात्रांची नावंच 'हट्टी', 'लवचीक' अशी आहेत. पाटी गळ्यात अडकवलेल्या माणसाकडे मनोविश्लेषण मागण्यात अर्थ नाही. रूपकात बघायचं ते चित्र आणि अर्थ एकमेकांना किती घट्ट बसलेत. निराशेचा चिखल घ्या. बन्यन सांगतो की तो बुजवायला वीस हजार गाड्या उपदेश आत ओतला गेला, चिखल तसाच आहे. इथे चित्र अर्थाच्या पुढे जातं, आणि हे लिहिणारा स्वतः उपदेशक होता!

हे मराठीत फार लवकर आलंय. हरी केशवजींचं 'यात्रिक क्रमण' १८४१ चं.

तळटीप

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. येशूच्या काळात घडणारी कादंबरी असेल तर बायबल पाठ असण्याची गरज नाही. खालच्या गोष्टी शोधा. यातल्या चार-पाच सापडल्या तर लेखकाने ख्रिसमसच्या भेटकार्डांवरून अभ्यास केलाय असं समजा.

येशूच्या आईबापांना जागा नाकारणारा बेथलेहेमचा सरायवाला. लूक २ मध्ये, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, जागा नव्हती एवढंच आहे, सरायवाला हे पात्रच नाही.

बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी. मत्तय २ मध्ये संख्या दिलेली नाही. भेटी तीन, त्यावरून माणसं तीन झाली. नावं तर फार नंतरची.

पौल ख्रिस्ताकडे वळतो तेव्हा घोड्यावरून पडतो. प्रेषितांची कृत्ये ९, २२ आणि २६ अशी तीनदा ती हकिकत येते. तिन्हींत घोडा नाही. घोडा चित्रकारांनी आणला.

मग्दालिया मरीया वेश्या असणं. लूक ८ मध्ये तिच्यातून सात भुतं निघाल्याचं आहे, बस्स. पोप ग्रेगरी पहिला याने ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात तिला आणि लूक ७ मधल्या पापी स्त्रीला एकच मानलं आणि पुढे हजारभर वर्षं पश्चिमेत तेच चाललं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनी असं कधी मानलं नाही.

पात्राने "यशया ५३:५ मध्ये म्हटलंय" असं बोलणं. ही माझी आवडती चूक. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टनच्या नावावर असलेली. नव्या कराराच्या आजच्या ओव्यांचे, म्हणजे वचनांचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. पहिल्या शतकातला यहुदी "यशया संदेष्टा म्हणतो" एवढंच म्हणेल. आणि त्याच्या हातात गुंडाळी असेल, पानं उलटता येणारं पुस्तक नाही.

जेवणात मका, टोमॅटो, बटाटा, मिरची. हे सगळं अमेरिकेतून, १४९२ नंतर जुन्या जगात आलं. जुन्या इंग्रजी बायबलमधल्या 'कॉर्न' चा अर्थ धान्य, मका नव्हे. अनुवादक तिथे ठेच खातात.

शब्बाथ शनिवारी सकाळी सुरू होणं. तो शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. यावरून प्रसंगांचा क्रम चुकतो. वधस्तंभावरून देह उतरवण्याची घाई का होती, हेच मग कळत नाही.

येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा पिलात यहुदियाचा रोमन सुभेदार होता इ.स. २६ ते ३६. त्या चौकटीबाहेर तो दिसला तर गडबड आहे.

चष्मा

मग कादंबरीकाराने करायचं काय? कोरड्या नोंदी? सरायवाला घातला तर बिघडलं कुठे?

तळटीप

नाही बिघडलं. मूळ ग्रंथ जिथे गप्प आहे तिथे भर घालायला पूर्ण मोकळीक. मूळ जिथे बोलतो तिथे उलटं लिहिलं तर कारण हवं. सरायवाला ही भर आहे, चालेल. शब्बाथ चुकणं ही चूक आहे. ल्यू वॉलेसने १८८० मध्ये आणि शेंकेविचने १८९६ मध्ये हा पेच एकाच युक्तीने सोडवला. नायक काल्पनिक घ्यायचा आणि त्याला इतिहासाच्या कडेने चालवायचं. 'बेन-हर' मध्ये ख्रिस्त मोजक्याच प्रसंगांत दिसतो आणि 'क्वो वादिस' मध्ये नीरोच्या रोममधले पेत्र, पौल येतात, पण गोष्ट विनिसियस आणि लिगियाची आहे. त्यामुळे पवित्र पात्राच्या तोंडी पदरची भाषणं घालायची वेळ फारशी येत नाही. ख्रिस्ताला पहिल्या पानापासून नायक करून त्याच्या मनात शिरणाऱ्या कादंबऱ्या बहुतेक इथेच घसरतात. एकतर तो पुतळा होतो नाहीतर एकविसाव्या शतकातला समुपदेशक.

आकडेही तपासा. मत्तय १८ मधला दाखला बघा. एका चाकराचं देणं दहा हजार तालांत, त्याच्या सोबत्याचं देणं शंभर दीनार. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०). एक तालांत साधारण ६,००० दीनार. म्हणजे पहिलं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, दुसरं शंभर दिवसांचं. सहा लाखाला एक असं प्रमाण! हा दाखला कादंबरीत घेताना "खूप पैसे" आणि "थोडे पैसे" असं लिहिलं की त्यातला जीवच गेला. शंभर दिवसांचा रोज ही काही किरकोळ रक्कम नव्हे, हेही मग निसटतं. दुसऱ्याचा अपराध खराच मोठा आहे आणि तरी सोडायचाय, असं ते आहे.

वसईचा वारा

एक पायरी सगळ्यांनी गाळली. पुस्तक कोणत्या परंपरेतलं आहे ते आधी ठरवा, नाहीतर कॅथलिक पुस्तकाला प्रोटेस्टंट फूटपट्टी लागते आणि उलटही.

ओळखायला वेळ लागत नाही. फादर, मिस्सा, जपमाळ, संत, पापनिवेदन असेल तर कॅथलिक. पाळक, उपासना, प्रभुभोजन, साक्ष, "माझं तारण झालं" असेल तर प्रोटेस्टंट. बायबलचीही पुस्तकं वेगळी, कॅथलिक बायबलमध्ये ७३ आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. एखादं पात्र तोबीत किंवा मक्काबी यांतलं वचन सांगत असेल आणि तुमच्या हातातल्या प्रतीत ते सापडत नसेल, तर लेखक खोटा ठरत नाही. प्रत बदला. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' टिपांसह आहे, संदर्भाला ते जवळ ठेवा.

कित्येक कॅथलिक पुस्तकांत शीर्षकपानाच्या मागे बिशपची छपाईला परवानगी छापलेली असते. तिचा अर्थ "यात सिद्धान्ताची चूक नाही" इतकाच. पुस्तक चांगलं आहे किंवा बिशपांना सगळं पटलंय असा नाही. धर्मशिक्षणाच्या पुस्तकांना ती लागते, कादंबरीला लागत नाही. म्हणून कादंबरीत ती दिसली नाही तर भुवया उंचावू नका.

परंपरा न ओळखल्याने काय होतं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली 'लेफ्ट बिहाइंड' ही १९९५ पासून निघालेली १६ पुस्तकांची मालिका. सुरुवातीलाच जगभरचे विश्वासणारे एका क्षणात गायब होतात, कपडे तेवढे मागे राहतात. अनेक वाचकांना वाटतं की बायबलमध्ये हे असंच आहे आणि सगळे ख्रिस्ती असंच मानतात. आधार आहे १ थेस्सलनीका ४:१७ चा. पण आधी गुप्तपणे उचललं जाणं, मग सात वर्षांचं संकट, मग पुनरागमन ही जुळणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीच्या शिकवणीतून पसरली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांमुळे अमेरिकेत घराघरांत गेली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन परंपरा हे शिकवत नाहीत. थरारकथा म्हणून खुशाल वाचा, पण कट्ट्यावर "ख्रिस्ती लोकांचं म्हणणं" म्हणून मांडू नका.

पाटीपेन्सिल

हे माहीतच नव्हतं. म्हणजे कथानकात सिद्धान्त दडलेला असतो, तो वेगळा काढायचा कसा?

वसईचा वारा

एक वाक्य लिहून बघा. "या गोष्टीत माणूस वाचतो, कारण..." आणि पुढची जागा पुस्तकातूनच भरा. त्याने प्रार्थना म्हटली म्हणून? संस्कार घेतला म्हणून? चांगला वागला म्हणून? देवाने पुढाकार घेतला म्हणून? जे उत्तर येईल तो त्या पुस्तकाचा खरा सिद्धान्त. प्रस्तावनेत काहीही लिहिलेलं असो. गंमत म्हणजे "तारण फक्त कृपेने" असं प्रस्तावनेत म्हणणाऱ्या पुष्कळ प्रेमकथांत वाचते ती सुशील मुलगीच.

उभाछेद

निवेदक कोण आहे तेही इथेच बघा. सी. एस. लुईसच्या १९४२ च्या पत्ररूप पुस्तकात, 'स्क्रूटेप लेटर्स' मध्ये, मुरलेला सैतान आपल्या पुतण्याला ३१ पत्रं लिहितो. तिथे 'शत्रू' म्हणजे देव. प्रत्येक वाक्य उलटं करून वाचावं लागतं, आणि तेही आंधळेपणाने नाही, कारण लेखक प्रस्तावनेतच बजावतो की सैतान खोटारडा असतो. अशा पुस्तकातलं एक वाक्य तोडून "लुईस म्हणतो" म्हणून फिरवणारे महाभाग आंतरजालावर भरपूर.

रविवारची घंटा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून लिहिते. इंग्रजीतून आलेलं पुस्तक असेल तर अनुवादकाला मराठी ख्रिस्ती भाषा येते का, हे दहा मिनिटांत कळतं. दोनशे वर्षांत घडलेली ही स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे, कोशात बघून भागत नाही.

सगळ्यात सोपी चाचणी नावांची. बायबलमधला 'जेम्स' मराठीत याकोब आहे, 'जॉन' योहान, 'पीटर' पेत्र, 'मॅथ्यू' मत्तय. "जेम्सचे पत्र" असं छापलेलं दिसलं की अनुवादकाने मराठी बायबल उघडलेलं नाही. तसंच पुस्तकांचं. 'नंबर्स' म्हणजे गणना. 'ॲक्ट्स' म्हणजे प्रेषितांची कृत्ये, 'कायदे' नव्हे. 'जॉब' म्हणजे ईयोब. तिथे नोकरी दिसली तर पुस्तक मिटा.

मग शब्द. रविवारची 'सर्व्हिस' ही उपासना, 'सेवा' लिहिलं तर वाचकाला समाजसेवा वाटते. चर्चचे 'एल्डर' म्हणजे वडील, हे पद आहे. "चर्चमधले म्हातारे" लिहिलं तर तिशीतला एल्डर पंचाईत करतो. ख्रिस्ताचं 'पॅशन' म्हणजे दुःखसहन, "ख्रिस्ताची उत्कट आवड" नाही. 'मिनिस्टर' हा पाळक, मंत्री नव्हे. जेवणाआधी 'ग्रेस' म्हणणं ही जेवणाची प्रार्थना. "त्याने कृपा म्हटली" याला मराठीत अर्थच नाही. 'टेस्टिमनी' साक्ष खरी, पण कोर्टातली जबानी वाटणार नाही असं वाक्य हवं.

सगळ्यांत अवघड आहे 'बॉर्न अगेन'. इथे "पुनर्जन्म" लिहिलं की मराठी वाचक थेट चौऱ्यांशी लक्ष योनींत जातो आणि अख्ख्या पुस्तकाचा अर्थ फिरतो. योहान ३ मध्ये मराठी बायबल "नव्याने जन्म" म्हणतं. मूळ ग्रीक शब्द 'अनोथेन' दुहेरी आहे, "पुन्हा" आणि "वरून". येशूला भेटायला आलेला निकदेम "पुन्हा" असं ऐकतो आणि विचारतो की म्हाताऱ्याने आईच्या पोटात परत शिरायचं का? त्याचा गोंधळ त्या दुहेरी अर्थावर उभा आहे. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात बसत नाहीत. चांगला अनुवादक "नव्याने जन्म" ठेवतो आणि "वरून" चा अर्थ आसपासच्या वाक्यात कुठेतरी पेरतो.

शेवटी, उद्धृत वचनं कोणत्या मराठी बायबलमधली आहेत ते मुखपृष्ठामागच्या पानावर छापलेलं असतं का बघा. नसेल तर कुठलीही तीन वचनं काढून प्रतीशी ताडा. तिन्ही कुठल्याच प्रतीशी जुळली नाहीत तर अनुवादकाने इंग्रजी वचनाचं स्वतःच भाषांतर केलंय. हा आळस आहे. मराठी ख्रिस्ती वाचकाला ती वचनं पाठ असतात, त्याला लगेच खटकतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या, बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत आणलं, १९२४ मध्ये छापून झालं. आणि आपण अजून 'जेम्सचे पत्र' लिहितोय.

चष्मा

आता मराठीकडे या. 'यमुनापर्यटन' ला नुसतं "पहिली मराठी कादंबरी" म्हणून हार घालतात, वाचत कुणी नाही. उभाछेद यांच्या कसोटीवर ती नापास होईल असं माझं मत. होऊन जाऊ द्या.

ओवीकार

पहिली कसोटी लागतच नाही, नापास कुठून होणार? बाबा पदमनजींच्या या पुस्तकात (१८५७) यमुनेचा कल सुरुवातीपासूनच ख्रिस्ताकडे आहे. वळणाचं प्रकरण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. पूर्ण नाव बघा: 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. नवरा-बायको प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांच्या हकिकती ऐकतात. प्रवास हा दोरा, हकिकती हे मणी. मग विनायकराव अपघातात जातो आणि जे ती आतापर्यंत ऐकत होती ते तिच्या दाराशी येतं. केशवपनाची वेळ येते. इथे पुस्तकाचं खरं वळण आहे. श्रद्धा बदलत नाही, ऐकणारी बाई सोसणारी होते. पुढे ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

म्हणून या पुस्तकाला विचारायचे प्रश्न वेगळे. हकिकती एकसारख्या वाटतात का? काही वाटतात, खरं सांगायचं तर. बोलणाऱ्या बायकांची भाषा जातीप्रमाणे, गावाप्रमाणे बदलते का? आणि बाजूला कालपट्टी ठेवा. विधवा पुनर्विवाहाचा कायदा जुलै १८५६ चा, पुस्तक पुढच्याच वर्षीचं. कायदा झालाय, पण कायद्याने घरातला न्हावी थांबत नाही, हे पुस्तक दाखवतं. शेवट मात्र सरळ धर्मांतराच्या रुळावर जातो. हिंदू राहून पुनर्विवाह करणारी बाई लेखकाला रंगवायची नव्हती. इथे "हेतूपायी पात्राचा गळा" हा आक्षेप मला मान्य आहे.

चष्मा

म्हणजे शेवटी माझंच खरं.

ओवीकार

निम्मं. कट्ट्याला सांगा की शेवटचा भाग वेगळा वाचा आणि विचारा, यमुनेला दुसरी वाट होती का? १८५७ मध्ये, त्या घरात? लेखकाने वाट बंद केली की समाजाने आधीच बंद केली होती? यावर तासभर भांडण होतं.

वळणाची कसोटी लावायचीच असेल तर कादंबरीबाहेर या आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. त्यांचे पती ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत संताप, वेडावणं, दुरावा, कुणाच्या हातचं पाणी घ्यायचं याचे घोळ. सोवळंओवळं सुटतं ते आधी, बाप्तिस्मा नंतर. उभाछेद यांची "काय गेलं?" ही ओळ इथे लिहायला घ्या, पान भरेल. आणि हसवते किती! धर्मांतराच्या पुस्तकात विनोद असला की लेखिका स्वतःला वाचकापेक्षा पवित्र समजत नाही एवढं नक्की कळतं.

तळटीप

अनुभवकथनांबद्दल एक सावधगिरी. आत्मचरित्र आणि "मी स्वर्ग पाहून आलो" छापाची पुस्तकं एका कपाटात ठेवू नका. अमेरिकेत २०१० साली एका अपघातग्रस्त मुलाच्या स्वर्गदर्शनाचं पुस्तक आलं, जोरात खपलं. २०१५ मध्ये मुलाने स्वतःच जाहीर केलं की ते आपण रचलं होतं, आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. तेव्हा तीन गोष्टी बघायच्या. अनुभव कुणाचा आणि लेखणी कुणाची? घटना आणि लिखाण यांत किती वर्षं? त्या माणसाखेरीज दुसरा कुणी साक्षीदार पुस्तकात बोलतो का? 'स्मृतिचित्रे' मध्ये माणसांची, गावांची नावं आहेत, भांडणं आहेत, लेखिकेला न शोभणाऱ्या गोष्टी आहेत. स्वर्गवारीच्या पुस्तकांत सगळं शोभणारंच असतं.

पाटीपेन्सिल

ठरलं. पहिली बैठक बन्यन, दुसरी 'यमुनापर्यटन', तिसरी 'स्मृतिचित्रे'. चौथीला फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' झेपेल का? जवळपास अकरा हजार ओव्या ऐकून छातीत धडकी भरलीय.

ओवीकार

अख्खं नको. दोन पुराणं आहेत, पहिल्यात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि दुसऱ्यात ५९. पहिलं जुन्या कराराचं, दुसरं ख्रिस्तचरित्राचं. कट्ट्याला दोनच घ्या. पहिल्या पुराणाचा पहिला अवस्वर आणि दुसऱ्यातला काना गावच्या लग्नाचा प्रसंग.

पहिला अशासाठी की तिथे पुस्तक का लिहिलं ते पुस्तकातच आहे. सासष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तर गेली, तुमच्याकडे वाचायला तसं काही का नाही? मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्याही इथल्याच. त्या सगळे भाषणात वापरतात आणि पुढे वाचत नाहीत. तो प्रश्न नीट ऐका. पुराणं आपोआप गेली नव्हती. गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये आला, पुस्तक १६१६ मध्ये राचोलला छापलं. ज्यांचं वाङ्मय काढून घेतलं त्यांच्यासाठी त्यांच्याच छंदात, त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं हे काव्य आहे. त्याला एकाच वेळी सुंदर आणि अडचणीचं म्हणता आलं पाहिजे.

शब्द बघा. स्वर्गाला तो "वैकुंठ" म्हणतो. रविवारची घंटा यांनी पुनर्जन्माबद्दल जो धोका सांगितला तोच इथे चारशे वर्षांपूर्वी जाणूनबुजून पत्करलेला आहे. वैकुंठ म्हटल्यावर श्रोत्याच्या डोळ्यांपुढे विष्णू आला नसेल का? की तोच आधार घेऊन पुढे न्यायचं होतं? लंडनला मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे, त्यात छापील प्रतीतल्या पोर्तुगीज शब्दांच्या जागी आपल्याकडचे शब्द येतात. एका शब्दापायी दोन पाठ!

रविवारची घंटा

वैकुंठाबाबत सहमत नाही, पण वाद बैठकीसाठी राखून ठेवते. प्रत कोणती घ्यायची ते सांगा ना. रोमन लिपीतली बघून लोक पळतील.

ओवीकार

मूळ छपाई रोमन लिपीतच होती. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही प्रत आज हाती नाही. १९०७ ची मंगळूरची सालढाणांची आवृत्ती रोमनमध्ये आहे. देवनागरीत शांताराम बंडेलूंची १९५६ ची पुण्याची. आणि फादर नेल्सन फाल्कावांची २००९ ची, तिच्यात मूळ ओवीसोबत आजच्या मराठीत अर्थही मिळतो. कट्ट्याला हीच घ्या.

एका बैठकीला चाळीस ओव्या पुरेत. एकाने मोठ्याने म्हणायच्या, ज्ञानेश्वरीच्या चालीवर म्हटल्या तरी चालतात, दुसऱ्याने अर्थ वाचायचा. अडलेले शब्द फळ्यावर दोन रकान्यांत लिहा, एकात पोर्तुगीजमधून आलेले, दुसऱ्यात पुराणांतून उचललेले. दुसरा रकाना आधी भरतो.

पाटीपेन्सिल

फळा आहे. खडू आणतो.